यकृताचा अहवाल सामान्य, तरीही पित्तनलिकेत कृमी

नवी दिल्ली : रक्ततपासणीच्या अहवालात यकृताचे कार्य सामान्य असल्याची नोंद आली की रुग्ण निश्चिंत होतो. ईशान्य थायलंडमधील वैद्यकीय अनुभव मात्र सावध करणारा आहे. तेथे यकृतकृमीचा, म्हणजेच लिव्हर फ्लूकचा, संसर्ग झालेल्या बहुतेक व्यक्तींना वर्षानुवर्षे कोणताही त्रास जाणवत नाही आणि त्यांचे रक्ताचे अहवालही बहुधा सामान्य मर्यादेत असतात. त्यांपैकी काहींना पुढे पित्तनलिकेचा कर्करोग होतो. या कर्करोगाचे जगातील सर्वाधिक प्रमाण याच प्रदेशात नोंदले गेले आहे.

संसर्ग कसा होतो?

मेकाँग नदीच्या खोऱ्यात, विशेषतः थायलंडचा ईसान प्रांत आणि लाओस येथे, ‘ओपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी’ हा पानासारखा चपटा कृमी आढळतो. त्याची लांबी जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर असते. बाधित माणूस, मांजर किंवा कुत्रा यांच्या विष्ठेतून त्याची अंडी पाण्यात जातात. तेथे गोड्या पाण्यातील गोगलगायीच्या शरीरात त्याची वाढ होते आणि नंतर त्याच्या अळ्या माशांच्या मांसात कोष करून राहतात. हे मासे रोहू व कटला ज्या कुळातील आहेत, त्याच कुळातील असतात.

ईसानमध्ये कच्चा मासा बारीक चिरून, त्यात लिंबाचा रस, मिरची व सुगंधी पाला मिसळून ‘कोई प्ला’ हा पदार्थ केला जातो. लिंबाच्या आंबटपणाने मासा शिजल्यासारखा दिसतो; परंतु अळ्या जिवंतच राहतात. पोटात गेलेली अळी लहान आतड्यात कोषाबाहेर पडते, पित्तनलिकेत शिरते आणि सुमारे महिनाभरात प्रौढ होते. उपचार न झाल्यास हा कृमी दहा वर्षांपर्यंत जगू शकतो.

रक्ततपासणीत का दिसत नाही?

यकृतकार्य चाचणीत प्रामुख्याने तीन बाबी पाहिल्या जातात. एएलटी व एएसटी ही विकरे यकृतातील पेशींना इजा झाल्यास वाढतात. अल्कलाइन फॉस्फेटेज व बिलिरुबिन यांची वाढ पित्ताच्या प्रवाहातील अडथळा सुचविते. अल्ब्युमिनच्या पातळीवरून यकृताच्या प्रथिननिर्मितीची क्षमता कळते.

हा कृमी यकृताच्या पेशींत नव्हे, तर पित्त वाहून नेणाऱ्या नलिकांत राहतो. त्याच्या चूषकांमुळे नलिकेच्या अस्तराला जखमा होतात, त्याच्या स्रावांमुळे दाह टिकून राहतो आणि हळूहळू नलिकेभोवती तंतुमय ऊती साचतात. पेशी शाबूत असल्याने विकरे वाढत नाहीत. एखादी उपनलिका अरुंद झाली तरी यकृताचा उरलेला भाग काम सांभाळून घेतो. कृमींची संख्या फार मोठी असल्यास अल्कलाइन फॉस्फेटेज काहीसे वाढू शकते. कावीळ मात्र बहुधा मुख्य मार्ग अडल्यावरच दिसते आणि कर्करोग झालेल्या रुग्णात तोवर शस्त्रक्रियेची वेळ अनेकदा निघून गेलेली असते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या कृमीचा समावेश मानवात कर्करोग घडविणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. चीन व कोरियात आढळणाऱ्या ‘क्लोनॉर्किस सायनेन्सिस’ या कृमीलाही २००९ मध्ये त्याच गटात स्थान मिळाले.

मग निदान कसे होते?

विष्ठेच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत कृमीची अंडी दिसतात; मात्र संसर्ग सौम्य असल्यास ती निसटू शकतात. नलिकांभोवतीचे तंतुमय बदल आणि पित्ताशयाची वाढ सोनोग्राफीत दिसते. म्हणूनच खोन केन विद्यापीठाच्या पुढाकाराने ईशान्य थायलंडमध्ये राबविल्या जाणाऱ्या कर्करोग तपासणी कार्यक्रमात सोनोग्राफीवर भर आहे.

प्राझिक्वान्टेल या औषधाने कृमी मरतात. उपचारानंतर काही महिन्यांत पित्ताशयातील बदल बरेचसे ओसरतात. नलिकांभोवतीचे तंतुमय बदल मात्र काही जणांत कायम राहतात. शिवाय औषध पुढील संसर्गापासून संरक्षण देत नाही. कच्चा मासा पुन्हा खाल्ला की चक्र नव्याने सुरू होते.

भारतातील संदर्भ

भारतात गाई, म्हशी, शेळ्या व मेंढ्यांमध्ये आढळणारा यकृतकृमी, ‘फॅसिओला’, हा वेगळा आहे. माणसाला त्याची लागण क्वचितच होते आणि ती प्रामुख्याने दूषित पाण्यातील वनस्पती कच्च्या खाल्ल्याने होते. त्याच्या अळ्या प्रथम यकृताचा गाभा पोखरतात. त्यामुळे सुरुवातीच्या काळात ताप येतो, उजव्या कुशीत दुखते, रक्तातील इओसिनोफिल पेशी वाढतात आणि यकृताची विकरेही वाढू शकतात. त्यावर ट्रायक्लाबेन्डाझोल हे वेगळे औषध दिले जाते.

मेकाँग खोऱ्यात किंवा पूर्व आशियात राहिलेल्या व तेथे गोड्या पाण्यातील कच्चा मासा खाल्लेल्या व्यक्तींनी ही माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी, कारण केवळ यकृतकार्य चाचणीवरून हा संसर्ग नसल्याचे सिद्ध होत नाही. प्रतिबंधाचा खात्रीचा उपाय म्हणजे मासा पूर्ण शिजवून खाणे.