शिक्का नको, आडनाव पुरे!

लग्नपत्रिकेवर काय असतं? गणपती, कलश, फार तर एखादं क्यूट कार्टून कपल. पण माझ्या मैत्रिणीला हवं होतं एकदम शाही चिन्ह. कारण होणारा नवरा स्कॉटिश, आडनाव मॅकग्रेगर! एडिंबरात एकाच ऑफिसात काम करता करता दोघांचं जमलं. ‘‘अगं, तू पत्रकार ना? त्यांच्या घराण्याचा कोट ऑफ आर्म्स शोध आणि डिझायनरला पाठवून दे,’’ मॅडमनी फोनवर ऑर्डर सोडली.

पाच मिनिटांत चिन्ह सापडलंसुद्धा. मुकुट घातलेल्या सिंहाचं डोकं, भोवती बकल लावलेला गोल पट्टा आणि त्यावर गेलिक भाषेतलं ब्रीदवाक्य. अर्थ साधारण असा, की आमचं कुळ राजवंशी! असली चिन्हं एडिंबराच्या रॉयल माइलवरच्या दुकानांत मगवर, की-चेनवर सर्रास मिळतात. म्हटलं, काम फत्ते. पण खोड जाते कुठे? थोडं पुढे वाचलं आणि सगळा घोळ झाला.

मुळात स्कॉटलंडमध्ये अख्ख्या घराण्याचा कोट ऑफ आर्म्स असा नसतोच! एक चिन्ह, एक मालक. वडिलांचं चिन्ह त्यांच्यामागे वारसाकडे जातं. धाकट्यांना हवं असेल तर त्यांनी रीतसर अर्ज करून थोडा फरक असलेलं चिन्ह नोंदवून घ्यायचं. उदाहरणार्थ, तीच ढाल, पण भोवती वेगळ्या रंगाची किनार. आडनाव सारखं म्हणून ढालही आपली, असं नाही चालत.

आणि हे नुसते मानपानाचे नियम नाहीत, चक्क कायदा आहे. एडिंबरात लॉर्ड लायन नावाच्या अधिकाऱ्याचं खास कोर्ट आहे, त्याला स्वतःचा सरकारी वकीलसुद्धा आहे. 1672च्या कायद्याने सुरू झालेल्या रजिस्टरमध्ये आजही प्रत्येक चिन्हाची नोंद होते. नोंद नसलेलं चिन्ह मिरवणं हा गुन्हा! डोनाल्ड ट्रम्प यांच्या अ‍ॅबर्डीनशायरमधल्या गोल्फ कोर्सलाही 2012मध्ये रीतसर चिन्ह मंजूर करून घ्यावं लागलं. तिथे आमच्या पत्रिकेचं काय घेऊन बसलात!

मग तो पट्टा-बकलवाला सिंह कुणाचा? तो मॅकग्रेगरांच्या प्रमुखाचा. भोवतीचा पट्टा म्हणजे ‘मी प्रमुख नाही, त्याच्या माणसांपैकी एक आहे’ अशी कबुली. टोपीवर बॅज म्हणून कुळातल्या कुणीही तो खुशाल लावावा. पण स्वतःच्या लेटरहेडवर छापायचा नाही. म्हणजे पत्रिकेवरही नकोच की!

आता हे सांगायचं कसं? धीर करून होणाऱ्या जिजूंनाच फोन लावला. ते जोरात हसले. म्हणाले, आमच्या घरात ढाल-बिल कधीच नव्हती. आडनाव टिकलं, हेच पुष्कळ.

मला वाटलं, गंमत करताहेत. पण ती गंमत नव्हती. 1603च्या फेब्रुवारीत ग्लेन फ्रुइनला मॅकग्रेगरांनी कोल्हून कुळातल्या लोकांची मोठी कत्तल केली. राजा सहावा जेम्स इतका भडकला, की एप्रिलमध्ये ‘मॅकग्रेगर’ या नावावरच बंदी आली. नाव लावलं तर देहदंड! पुढच्याच वर्षी त्यांच्या प्रमुखाला एडिंबरात फाशी दिलं गेलं. 1661मध्ये बंदी उठली, 1693मध्ये पुन्हा आली आणि कायमची गेली ती थेट 1774मध्ये. सिनेमामुळे आपल्याला माहीत असलेला रॉब रॉय हासुद्धा मॅकग्रेगरच. पण त्याला आईचं आडनाव लावून कॅम्पबेल म्हणून वावरावं लागलं.

विचार करा, आपण फॉर्म भरताना आडनाव सहज लिहून टाकतो. तेच लिहिलं म्हणून कुणाचा जीव जाऊ शकत होता.

मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘‘सिंह कॅन्सल!’’

पत्रिका छापून आली. वर आपले नेहमीचे गणपती बाप्पा. खाली दोघांची नावं. आणि ‘मॅकग्रेगर’ मात्र तिने मुद्दाम मोठ्या टायपात छापून घेतलंय.