चेहऱ्यावरची लाली आणि मलम

वरंध गाव मागे टाकून भर उन्हात भोरकडचा घाट कधी चढला आहात का? माथ्यावर पोहोचेपर्यंत गाल तापतात, उजळ वर्णाच्या माणसाचे तर लालबुंद होतात. शरीरातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात व त्यांतून जास्त रक्त वाहू लागते. सावलीत थोडा वेळ बसलात की लाली ओसरते.

काही जणांची लाली मात्र ओसरतच नाही. गाल, नाक, कपाळ, हनुवटी वारंवार लाल होतात, चुरचुरतात. कधी पुटकुळ्याही येतात. या विकाराला 'रोझेशिया' म्हणतात. तो बहुधा तिशीनंतर दिसतो आणि संसर्गजन्य नाही. ऊन, गरम चहा, तिखट जेवण, मनावरचा ताण यांनी तो बळावतो. सावळ्या त्वचेत लाली झाकली जाते, म्हणून आपल्याकडे तो सहज ओळखू येत नाही.

आता एक प्रयोग करा. अंगठ्याचे नख दाबून धरा. ते पांढरे पडते. सोडा, पुन्हा गुलाबी होते. म्हणजे रंग नखाचा नाही, खालच्या रक्ताचा आहे. रक्तवाहिनी आकसली तर लाली कमी होणारच!

वाहिनीच्या भिंतीतील स्नायूंवर 'ग्राहक' नावाचे रेणू असतात. चेतातंतूंतून आलेले नॉरअ‍ॅड्रेनॅलिन त्यांना चिकटले की स्नायू आवळतात. ब्रिमोनिडिन हे औषध हेच काम करते. ते काचबिंदूवर डोळ्यांत घालत असत. २०१३ साली अमेरिकेत त्याच्या चेहऱ्यावर लावायच्या जेलला मान्यता मिळाली. चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या ऑक्सिमेटाझोलिनचे मलम २०१७ साली आले. दोन्हींचा परिणाम काही तासांचाच. ब्रिमोनिडिनचा अंमल संपल्यावर काहींची लाली पूर्वीपेक्षाही वाढते. कायमच्या रुंदावलेल्या वाहिन्यांवर ही औषधे चालत नाहीत. तेथे लेसर वापरतात. पुटकुळ्यांसाठी मेट्रोनिडॅझोल, अ‍ॅझेलाइक आम्ल, आयव्हरमेक्टिन ही निराळी मलमे आहेत.

येथेच एक सापळा आहे. स्टिरॉइडयुक्त मलमानेही वाहिन्या आकसतात, चेहरा चार दिवस उजळ दिसतो. म्हणून कुणी गोरे होण्यासाठी, कुणी मुरुमांसाठी ते दुकानातून परस्पर आणतात. महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, वाहिन्या रुंदावतात आणि रोझेशियासारखीच लाली येते. मलम थांबवले की आग होते. म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो! भारतात हा प्रकार इतका वाढला की २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

तेव्हा मित्रांनो, मैत्रिणीने किंवा शेजाऱ्याने सुचवलेली ट्यूब चेहऱ्याला लावण्यापूर्वी तिच्यावरील घटकांची नावे वाचा. नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सोल' दिसले, उदाहरणार्थ बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, तर ती बाजूला ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. घाट चढताना टोपी मात्र न विचारता घालायला हरकत नाही!