फिरायला जा; पण कुठून?

मधुमेह किंवा रक्तदाब निघाला, की दवाखान्यातला पहिला सल्ला ठरलेला असतो : रोज अर्धा तास चाला. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. झपझप चालणे किंवा सायकल चालवणे त्याला पुरते, आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

पण महाड किंवा पोलादपूरच्या बाजारपेठेत राहणाऱ्या साठीतल्या माणसाने चालायचे कुठून? कडेला गटार, त्याच्या झाकणावर टपरी नाहीतर उभी मोटारसायकल. पावसाळ्यात हातात छत्री आणि खड्डे पाण्याखाली. अशा वेळी पाय आपोआप रस्त्याच्या मध्याकडे वळतात आणि मागून रिक्षा, एसटी, टेम्पो येत असतात. मुंबई-गोवा महामार्ग या दोन्ही गावांतून पुढे जातो. पोलादपूरला महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून येणारा रस्ताही त्याला मिळतो. लांबच्या प्रवाशाला ही गावे वाटेतली वाटतात; शाळा, बाजार, एसटी स्थानक गाठणाऱ्यांचा मात्र तो रोजचा रस्ता.

इथे जीव वाचतो की जातो, हे बरेचसे वेगावर ठरते. ताशी ३० किलोमीटरने येणाऱ्या मोटारीसमोर अचानक मूल आले, तर चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी ८ मीटर पुढे सरकते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी ५ मीटरांत थांबते. वेग ५० असेल, तर त्या एका सेकंदातच १४ मीटर संपतात. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबली, तिथे दुसरीचा ब्रेक लागलेलाही नसतो. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ती जवळजवळ पावणेतीन पट होते. कवटी आणि बरगड्या एवढा मार सोसत नाहीत. माणसे आणि वाहने जिथे मिसळतात तिथे ताशी ३० ची मर्यादा असावी, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे, ते याचसाठी.

नुसता फलक लावून वेग उतरत नाही. रस्त्याची रचना तो उतरवते. शाळेसमोर उंचावलेला झेब्रा पट्टा, गाडीला हळू वळायला लावणारा कोपरा, रुंद रस्त्याच्या मध्ये थांबायला जागा, रात्री पुरेसा उजेड. गटारांवर सलग, न डुगडुगणारी झाकणे बसवली, तर तोच पदपथ होतो. इंडियन रोड्स काँग्रेसने त्याची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर सांगितली आहे. टपरीवाल्यांना हुसकावण्यापेक्षा जागा आखून द्यावी. आतल्या गल्ल्यांत वाहने सावकाश चालली, तर सायकलला वेगळी मार्गिका लागत नाही. महामार्गालगत मात्र ती हवीच.

मोकळा पदपथ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. महाडला हक्काची ही भाषा नवी नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत लोक याच गावातून चालत चवदार तळ्यावर गेले आणि सार्वजनिक पाण्यावरचा आपला हक्क त्यांनी बजावला. रस्ताही सार्वजनिकच आहे.

महाडची नगरपरिषद आणि पोलादपूरची नगरपंचायत यांना सुरुवात एका शाळेपासून करता येईल. तिसरीतले मूल एकटे शाळेत जाऊन आले आणि त्याची आजी बाजार करून पायीच घरी परतली, तर काम जमले म्हणायचे.