दुबईचा पगार कुणाच्या खात्यात?

गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, की बायका मोकळ्या होऊन बोलायला लागतात. हल्ली त्या बोलण्यात दुबई, रियाध, दोहा ही नावं यायला लागली आहेत. निलंगा, औसा, उदगीरकडची माणसं पूर्वी पुण्या-मुंबईला, नाहीतर हैदराबादला जायची. आता कुणी गवंडी, कुणी वेल्डर, कुणी ड्रायव्हर म्हणून आखातात जातं. घरी राहिलेली ताई आम्हाला विचारते, "मालक दर महिन्याला पैसे टाकतात म्हणतात, पण ते पडतात कुठं?" आज त्यावरच बोलूया.

मुंबईचा गिरणी कामगार कोकणात घरी मनीऑर्डर करायचा. पोस्टमन दारात यायचा आणि जिच्या नावावर पैसे आले तिची सही किंवा अंगठा घेऊनच नोटा मोजून द्यायचा. किती आले, कुणाच्या हातात पडले, याचा कागद राहायचा. परदेशातला पगार दोन टप्प्यांनी घरी येतो, कंपनीकडून कामगाराकडे आणि कामगाराकडून घरी. दोन्ही टप्प्यांवर असा कागद पाहिजे.

आधी पहिला टप्पा. दुबई-अबुधाबी ज्या देशात आहेत त्या संयुक्त अरब अमिरातीनं २००९ साली पगार बँकेमार्फतच देण्याची व्यवस्था सुरू केली. सौदी अरेबियानं २०१३ मध्ये आणि कतारनं २०१५ मध्ये तशीच व्यवस्था आणली. त्याआधी साइटवर पाकिटात रोख पगार मिळायचा, आणि चार महिने मिळाला नाही तरी तो मिळाला नाही हे सिद्ध करायला कामगाराजवळ काही नसायचं. आता कंपनी दर महिन्याला प्रत्येक कामगाराचं नाव आणि पगार लिहिलेली यादी बँकेकडे पाठवते. ती यादी सरकारच्या कामगार खात्याला दिसते. आपल्या गटात कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला हे वहीत एका नजरेत कळतं ना, तसंच. पगार थकवणाऱ्या कंपनीला अमिरातीत नवीन माणसं आणायचे परवाने बंद होतात, म्हणून कंपनीही जरा दबून असते.

पण या यादीत नाव यायला माणूस कामाच्या व्हिसावर गेलेला असावा लागतो. "आधी फिरायच्या व्हिसावर जा, तिकडं गेल्यावर बदलून देऊ," असं एजंट म्हणाला तर तिथंच थांबायचं. फिरायच्या व्हिसावर काम करणं तिथं बेकायदेशीर आहे. अशा माणसाचा नोंदलेला करार नसतो, करार नाही म्हणून पगाराच्या यादीत नाव नसतं, आणि पगार बुडाला तर तक्रार करायला तोच घाबरतो.

कमी पगाराच्या कामगाराला पुष्कळदा पूर्ण बँक खातं न देता पगाराचं कार्ड देतात. एटीएममध्ये घालून पैसे काढायचे. हे कार्ड आणि त्याचा पिन मुकादमाच्या ताब्यात असेल तर कागदावर पगार पूर्ण आणि हातात अर्धा, असं होऊ शकतं. म्हणून फोनवर जेवण-खाण विचारतो तसं हेही विचारायचं, "कार्ड तुमच्याच खिशात आहे का? पगार जमा झाल्याचा मेसेज तुमच्याच मोबाइलवर येतो का?"

करारातला मूळ पगार किती, हा आकडा बायकांनी तोंडपाठ ठेवावा असं आमचं मत आहे. एजंट सगळे भत्ते धरून मोठा आकडा सांगतो. पण अमिरातीत नोकरी सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती मूळ पगारावरच मोजतात. एक वर्ष पूर्ण झालं की पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार, त्यानंतरच्या वर्षांसाठी ३० दिवसांचा. मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त लिहिले असतील, तर पाच वर्षं राबून परतताना हातात कमी पडतं.

आता दुसरा टप्पा, तिथून इथं. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या माणसानं गावच्या बँकेतलं आपलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवायचं नसतं. बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्यावं लागतं. इथली शेतीची, भाड्याची रक्कम त्यात येते. परदेशातली कमाई साठवायला वेगळं एनआरई खातं असतं. ते रुपयांतच असतं, त्याच्या व्याजावर भारतात प्राप्तिकर लागत नाही आणि पैसे पुन्हा बाहेर न्यायचे असले तर नेता येतात. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकडच्या पत्त्याचा पुरावा लागतो. आपल्या शाखेत ही सोय आहे का, हे माणूस विमानात बसायच्या आधी विचारून घ्यावं.

खातं उघडलं म्हणजे घरच्या बाईला त्यातून पैसे काढता येतात असं नाही. नॉमिनी म्हणून नाव असलं तरी खातेदार हयात असताना नॉमिनीला त्या पैशांना हात लावता येत नाही. त्यासाठी खातेदारानं बँकेत तुमच्या नावाचं अधिकारपत्र द्यावं लागतं. मग इथल्या खर्चासाठी तुम्हाला व्यवहार करता येतो.

पण घरखर्चासाठी याहून सोपी वाट आहे. तुमच्या स्वतःच्या बचत खात्यावर परदेशातून थेट पैसे येऊ शकतात. नवऱ्यानं बायकोला घरासाठी पाठवलेल्या पैशांवर बायकोला कर भरावा लागत नाही. तिकडं त्यांना तुमचं पासबुकावरचं नाव, खाते क्रमांक आणि शाखेचा ११ अक्षरी आयएफएससी कोड द्यायचा. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण बऱ्याच घरांत पैसे दिराच्या नाहीतर सासऱ्यांच्या खात्यावर येतात. माणसं चांगलीच असतात, तरी शाळेच्या फीसाठी दर वेळी कुणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागतं. जिची गटात पाच हजारांच्या कर्जावर सही चालते, तिचं खातं नवऱ्याच्या पगारासाठी का चालू नये?

पैसे पाठवताना फी किती हे सगळे विचारतात, भाव कुणी विचारत नाही. फी माफ करून भावात कापणारे कमी नाहीत. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. सौदीचा रियालही तसाच, ३.७५. म्हणून बातम्यांत रुपया डॉलरसमोर घसरला असं ऐकलं, की त्याच दिरहमांचे जास्त रुपये मिळायला हवेत.

हुंडीवाला म्हणतो, भाव जास्त देतो, आज दिले की संध्याकाळी घरपोच. परकीय चलनाच्या १९९९ च्या कायद्यानं हे चालत नाही. शिवाय तो तुमच्या खात्यावर भलत्याच माणसाकडून पैसे टाकायला लावतो. ते पैसे फसवणुकीतले निघाले तर गोठतं ते तुमचं खातं.

निघण्याआधीचं थोडं. दहावी न झालेल्या माणसाला आखातात कामाला जाताना सरकारची मंजुरी लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवरून मिळते, आणि एजंट परवानाधारक आहे का हेही तिथंच दिसतं. परवानाधारक एजंटला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. या मंजुरीवर जाणाऱ्याला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. पॉलिसीची प्रत घरी ठेवा.

आणि पगार थांबला तर? दुसरा महिना उजाडायची वाट बघू नका. त्यांनी तिथल्या कामगार खात्याकडे तक्रार करावी. तुम्हाला इथून परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, गटातल्या बँक सखीला सोबत घ्या. त्या वेळी पासपोर्टची प्रत, व्हिसा, करार, कंपनीचं पूर्ण नाव आणि शेवटचा पगार कधी जमा झाला ती तारीख लागते. हे सगळं ते घरी असतानाच झेरॉक्स करून गटाच्या वहीसोबत पेटीत ठेवून द्या. पगाराची तारीख मात्र दर महिन्याला फोनवर विचारून लिहावी लागेल.