उन्हात रायडिंग पँट घेताना

मे महिन्यात बीड-गेवराईकडे पारा चाळिशी ओलांडतो. जाळीची पँट चालत्या गाडीवर हवेशीर खरी. पण वारा अंगापेक्षा तापला की तीच जाळी झळा आत घेते. अशा वेळी आतली पातळ विजार ओली करून घालावी, पाणी उडताना गारवा देते. जाळी मांडीवर चालेल. बूड, कंबरेची बाजू आणि गुडघ्यावर मात्र जाड कापडच हवे. लेबलवर ‘ईएन १७०९२’ हे सुरक्षा मानक शोधा: ‘एएए’ सर्वांत भक्कम, ‘ए’ हलकी. ‘सी’ म्हणजे फक्त पॅड धरणारी जाळी, घसरगुंडीत निकामी. गुडघ्याच्या पॅडवर ‘ईएन १६२१-१’ असावे. लेव्हल २ अधिक धक्का शोषते. दुकानात उभ्याने नव्हे, गाडीवर बसून माप घ्या. पॅड गुडघ्यावरून सरकले तर पँट परत ठेवा. साध्या जीन्सवर भिस्त नकोच.