ओळख ना पाळख, तरी माल हवाली

टेक्सासमधल्या एका यार्डात माती उपसायचं छोटं यंत्र उभं आहे. उद्या सकाळी ते चारशे किलोमीटरवरच्या साइटवर पोहोचलं नाही, तर तिथली माणसं हातावर हात धरून बसणार. संध्याकाळी एक पिकअप लांबलचक उघडा ट्रेलर ओढत येते. चालक यंत्र वर चढवतो, साखळ्यांनी आवळतो, बिल्टीवर सही करतो आणि निघतो. यंत्राच्या मालकानं या माणसाला आयुष्यात कधी पाहिलेलं नाही. ज्या दलालानं त्याला पाठवलं, त्यानंही नाही. एक फोन आणि एक ईमेल एवढ्या भांडवलावर महागडं यंत्र परक्याच्या हाती गेलं! अमेरिकेत हे रोज घडतं. नव्या, एकट्या ट्रकवाल्याला माल मिळतो तरी कसा, हे बघू लागलं की या साध्या वाटणाऱ्या व्यवहारामागची यंत्रणा थक्क करते.

या धंद्याला तिथं ‘हॉटशॉट’ म्हणतात. त्याचा उगम टेक्सासच्या तेलपट्ट्यात झाल्याचं सांगतात. विहिरीवर एखादा सुटा भाग मोडला की खोदकाम ठप्प, आणि थांबलेला प्रत्येक तास महाग. मोठा ट्रक भरेपर्यंत कोण थांबणार? पिकअपवाला तेवढाच भाग घेऊन सुटायचा. आज याच रीतीनं जनरेटर, लोखंडी पाइप, शेतीची अवजारं, छपराच्या कैच्या असं बरंच काही जातं.

गाडी म्हणजे मागच्या आसाला चार चाकं असलेली दणकट पिकअप आणि तिच्यामागे ४० फुटांपर्यंतचा ट्रेलर. या जोडीची क्षमता २६,००० पौंडांच्या, म्हणजे साधारण ११,८०० किलोंच्या आत असली, तर अवजड वाहनाचा वेगळा परवाना लागत नाही. इथं कायदा नुसता वजनकाटा बघत नाही, कारखान्यानं पाटीवर छापलेली क्षमताही बघतो. त्यामुळे रिकामी गाडीसुद्धा मर्यादेबाहेर ठरू शकते! म्हणून कित्येक जण १४,००० पौंडांच्या पिकअपमागे मुद्दाम १२,००० पौंडांची पाटी असलेला ट्रेलर घेतात. ट्रेलरचं स्वतःचं वजन वजा जाता मालाला उरतात साधारण तीन टन. ८०,००० पौंड एकूण वजनाच्या मोठ्या ट्रकशी वजनात स्पर्धा करणं शक्यच नाही. हॉटशॉटवाला विकतो ती घाई.

आता माल शोधायचा. पण पूर्वी मुळात या धंद्यात शिरणंच अवघड होतं. १९३५च्या कायद्यानुसार आंतरराज्य वाहतुकीत शिरणाऱ्या ट्रकवाल्याला आपल्या सेवेची लोकांना गरज आहे, हे सरकारी आयोगापुढं सिद्ध करावं लागे. त्या मार्गावरचे जुने व्यावसायिक त्याला आक्षेप घेऊ शकत. परवान्यात मार्गही ठरलेला आणि मालही. शेतमालाला मात्र सूट होती. म्हणजे एकटा ट्रकवाला भाजी भरून दूरच्या शहरात जाऊ शकायचा, पण परतताना कारखान्याचा माल भरायची त्याला मनाई. गोदामात माल पडून आणि दारातून ट्रक रिकामा परत! १ जुलै १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि धंद्याचं दार बरंच उघडलं. आजही नवा अर्ज जाहीर झाल्यावर आक्षेपांसाठी दहा दिवस ठेवलेले असतात.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७८मध्ये, ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहरात ज्युबिट्झ या ट्रकथांब्यावर ‘डायल-अ-ट्रक’ नावाची सेवा सुरू झाली. जेवायला थांबलेल्या चालकांना तिथल्या पडद्यांवर कुठून कुठं माल न्यायचा आहे, ते दिसू लागलं. आजचा ‘डीएटी’ हा मोठा लोड बोर्ड, म्हणजे न्यायच्या मालाची यादी दाखवणारा फलक, त्यातूनच वाढला. १९९५मध्ये ‘इंटरनेट ट्रकस्टॉप’नं असा बोर्ड इंटरनेटवर आणला. आता तो मोबाइलमध्ये मावतो. माल कुठून उचलायचा, कुठं टाकायचा, वजन किती, ट्रेलर कुठल्या प्रकारचा आणि तिथवर रिकामं किती मैल जावं लागेल, हे सगळं एका ओळीत. भाड्याचा रकाना पुष्कळदा कोरा असतो, तो आकडा फोनवर ठरतो. शेजारी त्या दलालाची पत आणि तो साधारण किती दिवसांत पैसे देतो, हेही लिहिलेलं असतं. चांगली ओळ काही मिनिटांत नाहीशी होते.

नवखा फोन लावतो. पलीकडून पहिला प्रश्न नावाचा नसतो, ‘तुझा एमसी नंबर काय?’ असा असतो. एमसी म्हणजे केंद्र सरकारनं ३०० डॉलर शुल्क घेऊन दिलेला वाहतुकीचा परवाना. दलाल नंबर टाकतो आणि समोरच्याची कुंडली उघडते: परवाना मिळून किती दिवस झाले, विमा चालू आहे का, रस्त्यावरच्या तपासण्यांत काय आढळलं. कायदा दायित्वाचा विमा किमान ७,५०,००० डॉलरचा मागतो, पण दलाल सहसा १० लाखांचा मागतात आणि वर मालाचा विमा वेगळा. एवढं सगळं असूनही कित्येक दलाल परवान्याला तीन किंवा सहा महिने होईपर्यंत माल देत नाहीत. बोर्डावर ओळी ढिगानं, पण हाती एकही नाही! उलट नव्या परवान्याची नोंद सार्वजनिक असल्यानं विमा विकणारे, कर्ज देणारे आणि ‘आम्ही माल मिळवून देतो’ म्हणणारे यांच्या फोनची मात्र रांग लागते.

परक्यावर विश्वास टाकायची सोय अशी तुकड्यातुकड्यांनी बांधलेली आहे, आणि ती दोन्हीकडून आहे. दलालालाही ७५,००० डॉलरची हमी ठेवावी लागते, म्हणजे त्यानं पैसे बुडवले तर दाद मागायला जागा राहते. व्यवहाराच्या नोंदी बघायचा हक्क ट्रकवाल्याला नियमानं आहे. सौदा ठरला की दर, वेळ, पत्ता लिहिलेलं दरपत्र येतं, आणि ते हातात पडल्याशिवाय शहाणा चालक गाडी हलवत नाही. नव्या परवानाधारकावर सरकार १८ महिने नजर ठेवतं आणि त्या काळात त्याचे कागद तपासतं.

मग हिशेब. समजा, अटलांटाहून मायामीला ६६० मैलांचे १,७०० डॉलर मिळाले. मैलाला अडीच डॉलरच्या वर, झकास! पण फ्लोरिडात माल जातो जास्त आणि निघतो कमी. परतीचं भाडं मिळालं नाही तर तोच दर मैलाला १.२९ डॉलरवर येतो, आणि डिझेल, टायर, विम्याचा हप्ता तर दोन्ही दिशांना लागतोच. उलट डॅलस, ह्यूस्टन, सॅन अँटोनिओ या त्रिकोणात मैलाचा दर कमी दिसला, तरी एका ठिकाणी माल उतरवला की जवळच दुसरा सापडतो. म्हणून अनुभवी माणूस भाडं घेताना आधी नकाशा बघतो: हे भाडं मला नेऊन सोडणार कुठं?

पैसे साधारण महिन्यानं येतात, डिझेल मात्र आज भरावं लागतं. तेव्हा फॅक्टरिंग कंपनी शेकड्याला काही डॉलर कापून बिलाची रक्कम लगेच देते. नवख्याला याचा आणखी एक उपयोग होतो, कारण बुडव्या दलालाचं बिल ती कंपनी घेतच नाही. याच बाजारात भामटेही वावरतात. खऱ्या दलालाचं किंवा वाहतूकदाराचं नाव चोरून माल घ्यायचा, तो दुसऱ्याच गरजू ट्रकवाल्याकडून न्यायचा आणि पैसे घेऊन पसार व्हायचं. यावर साधा उपाय म्हणजे बोर्डावरच्या फोन नंबरावर विसंबायचं नाही, सरकारी नोंदीतला नंबर शोधून तिथं फोन करायचा.

बोर्ड हे शिरायचं दार, मुक्कामाची जागा नव्हे. यंत्रं भाड्यानं देणारी दुकानं, ट्रॅक्टरचे विक्रेते, लोखंडाची गोदामं, अवजड यंत्रांचे लिलाव इथं रोज काही ना काही हलवायचं असतं. वेळेवर पोहोचलेल्या चालकाचा फोन नंबर तिथला माणूस जपून ठेवतो. पुढच्या वेळी दलाल मध्ये नसतो आणि भाडं पूर्ण हाती येतं. ज्यांच्याकडे अशी चार-पाच गिऱ्हाइकं जमतात, त्यांचा धंदा टिकतो. केवळ बोर्डावर जगणाऱ्याला दर पडले की तग धरणं कठीण जातं.

कधी अमेरिकेतल्या महामार्गावर अशी पिकअप दिसली, तर तिच्या दारावरचा यूएसडॉट, म्हणजे अमेरिकी वाहतूक खात्याचा, नंबर बघा. तो दोन्ही बाजूंना लिहिणं कायद्यानं सक्तीचं आहे. सरकारी संकेतस्थळावर तो टाकून त्या वाहतूकदाराच्या तपासण्या, अपघात आणि परवान्याची स्थिती कुणीही फुकट बघू शकतो.