जेरीकॅन : नाव, घडण आणि ओळख

‘जेरीकॅन’ हे नाव त्या वस्तूला तिच्या निर्मात्यांनी दिलेले नाही. ते शत्रूने दिलेले आहे. १९३७ च्या सुमारास श्व्हेल्म येथील म्यूलर कारखान्यात व्हिन्त्सेन्झ ग्र्यूनफोगेल या अभियंत्याने जर्मन सैन्यासाठी वीस लिटर इंधनाचा पत्र्याचा डबा सिद्ध केला. त्याला जर्मनीत ‘आइनहाइट्सकानिस्टर’, म्हणजे प्रमाणित डबा, म्हणत. यातील ‘कानिस्टर’ शब्दाचे मूळ लॅटिन ‘कानिस्त्रुम’ असून त्याचा अर्थ वेताची टोपली असा आहे. टोपलीत तेल टिकणार नाही खरे. परंतु शब्द अशा अडचणी मानीत नाहीत.

उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्य पातळ पत्र्याचे चार गॅलनचे डबे वापरीत असे. आपल्याकडील रॉकेलच्या डब्याचेच हे भाऊबंद. ते वाटेतच फुटत आणि इंधन वाळूत जाई. साहजिकच हाती लागलेले जर्मन डबे शिपाई जपून ठेवू लागले. त्यांच्या बोलीत जर्मन म्हणजे ‘जेरी’. त्यावरून डब्याला ‘जेरीकॅन’ हे नाव पडले. पुढे ब्रिटिशांनी त्याची हुबेहूब नक्कलही केली.

या डब्याला वर तीन मुठी असतात. त्यामुळे भरलेला डबा दोघांना मिळून नेता येतो, आणि रिकामे डबे एका माणसाला प्रत्येक हाती दोन धरता येतात. बाजूंवरील फुलीच्या आकाराचे दाब पत्र्याला बळकटी देतात. वरच्या भागात हवेची पोकळी राहत असल्याने भरलेला डबाही पाण्यावर तरंगतो. तथापि हीच घडण युद्धानंतर अनेक सैन्यांनी स्वीकारल्यामुळे, केवळ आकारावरून डबा जर्मन किंवा युद्धकालीन ठरविणे हा संग्राहकांत नेहमी आढळणारा भ्रम होय.

निर्णय करावयाचा तो पत्र्यात ठोकलेल्या अक्षरांवरून. युद्धकालीन जर्मन डब्यावर बहुधा ‘क्राफ्टश्टॉफ २० एल’ (इंधन), ‘फॉयरगेफेअरलिश’ (ज्वालाग्राही), ‘वेअरमाख्त’, सन आणि कारखान्याची खूण आढळते. ‘एबीपी’ ही अशीच एक खूण असून ती आम्बी-बुड या कारखान्याची आहे. ब्रिटिश डब्यावर ‘डब्ल्यूडी’ ही युद्धखात्याची अक्षरे आणि सरकारी बाण असतो. अमेरिकन डबा तर घडणीवरूनच ओळखू येतो : सांधलेल्या शिवणीऐवजी दुमडलेल्या कडा, आणि खटक्याच्या झाकणाऐवजी फिरकीचे झाकण. त्याच्या तळावरील ‘२०-५-४४’ या आकड्यांना पुष्कळजण तारीख समजतात. वस्तुतः पत्र्याची जाडी वीस गेज, धारणशक्ती पाच अमेरिकन गॅलन आणि सन १९४४, असा त्यांचा अर्थ आहे.

रंगाची साक्ष मात्र दुय्यम मानावी. पांढरी फुली जर्मन डब्यात पाणी असल्याची खूण होती, हे खरे. पण ती कोणालाही केव्हाही रंगविता येते. हस्तलिखिताच्या मूळ पाठापुढे समासातील नोंदीचे जे स्थान, तेच येथे ठोकलेल्या अक्षरापुढे रंगाचे. म्हणून गंज काढण्याच्या उत्साहात वाळूचा मारा करणारा संग्राहक डबा उजळ करतो आणि त्याचा जन्मदाखला पुसतो. कारखान्याच्या खुणा उथळ असल्याने प्रथम त्याच जातात. मऊ ब्रश, थोडे तेल आणि तिरपा प्रकाश एवढे वाचनाला पुरते. रिकामा भासणाऱ्या जुन्या डब्यातही पेट्रोलची वाफ राहिलेली असू शकते. म्हणून त्याला डाग देण्यासाठी आच लावू नये.